लाल दिव्याविना दिवस

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. रोज सांगण्यासारखं पुष्कळ असतं आणि ऐकणारे झोपलेले असतात, म्हणून.

वर्ग सुटल्यावर दादासाहेबांनी खाली बोलावलं. चिखलीतलं हे ट्रेनिंग सेंटर त्यांचं, इमारत त्यांची, तळमजल्यावरची पत्रा ठोकायची पॉवर प्रेस त्यांच्या भाच्याची. म्हणाले, मास्तर, तुमची पोरं झोपत्यात. व्हय का न्हाई? मी म्हणालो, चाकणला पहिली शिफ्ट करून थेट इथे येतात, पापण्या जड होतात, पण लक्ष असतं. ते म्हणाले, कंपनीचा ट्रेनिंगचा सायेब डिसेंबरात येनार हाय. वर्ग बघनार. पोरं जागी दिसली तर तुमी ऱ्हानार. न्हाईतर त्यो भिंतीवर टीव्ही देतोय, व्हिडिओ बघून शिकत्याल. वर म्हणाले, टीव्हीला चा लागत न्हाई.

म्हणजे सामना सरळ आहे. मी विरुद्ध टीव्ही.

मी सव्वीस वर्षं क्वालिटीत काढली. व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मोजायची हत्यारं, ड्रॉइंग वाचन, सगळं आपलं आपण. मला कोणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर इतकं आलंच नसतं. प्लांट दुसरीकडे हलला, माणसं इथेच राहिली, त्यांतला मी एक. वय त्रेपन्न, सर्टिफिकेट एकही नाही. हा वर्ग गेला तर दुसरीकडे मला सर कोण म्हणणार? असो. ती वेळ येणार नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

उपाय पहिला: पेंगेल त्याने उभं राहायचं.

चार वाजता अर्धा वर्ग उभा. मागच्यांना फळा दिसेना म्हणून तेही उभे राहिले. प्रज्वल पहिल्या बाकावरचा, हिंगोलीकडचा, अंगाने आडवा. तो उभ्याने झोपला. खांद्याला हात लावला तर म्हणतो कसा, सर, डोळे बंद हायत, कान चालू हायत, विचारा की. विचारलं. कान बंद निघाले.

उपाय स्थगित.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शेजारच्या खोलीत आम्रपाली मॅडम सॉफ्ट स्किल्स घेतात. बी.एड. माझ्या निम्म्या वयाच्या. त्यांच्या वर्गातून हसण्याचा आवाज येतो. माझ्या मते जिथे हसू जास्त तिथे मजकूर कमी. तरी डस्टर मागायच्या निमित्ताने दारात उभा राहिलो. माझं डस्टर माझ्याच हातात होतं, हे नंतर लक्षात आलं.

मी न विचारताच त्यांनी बरंच सांगितलं. प्रश्न विचारल्यावर थांबत जा, सर. मुलांना दोघादोघांत बोलू द्या. कधीतरी मलाही हे माहीत नाही असं म्हणा, मुलं मोकळी होतात. आणि स्वतःकडे बघा. शिक्षक थकला की वर्ग थकतो. डबा एकटे खाऊ नका, आमच्यात या.

सूचना चांगल्या आहेत, प्राथमिक स्वरूपाच्या. मला माहीत नाही असं म्हणायला आधी काहीतरी माहीत नसावं लागतं. डब्याचं म्हणाल तर माझ्या डब्यात लसणाची चटणी असते, उगाच लोकांना वास.

८ नोव्हेंबर, शनिवार

प्रश्न विचारून थांबायचा प्रयोग केला. व्हर्नियर उघडण्याआधी काय तपासायचं? थांबलो. खाली प्रेसचे ठोके पडत होते. उत्तर मीच दिलं. बरोबर होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

बायकोने, इंदूने विचारलं, हल्ली जेवताना छताकडे का बघता? सगळं सांगितलं. ती दिघीत बालवाडी चालवते, तीस पोरं एका वेळी. म्हणाली, अहो, आधी त्यांनी खाल्लंय का ते तर विचारा. माझ्याकडे पोरगं किरकिरलं की मी पहिल्यांदा पोट बघते. मी तिला समजावलं की बालवाडी वेगळी आणि मेट्रोलॉजी, म्हणजे मोजमापाचं शास्त्र, वेगळं. ती म्हणाली, पोट सारखंच.

तरीही खात्री करून घेतलेली बरी. वर्गात विचारलं. कँटीनचं जेवण साडेदहाला होतं, नंतर काही नाही. मोठा शोध. श्रेय माझ्या निरीक्षणाला, इंदूने फक्त विषय काढला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सर्वांना बिस्किटं आणि चहा, स्वखर्चाने. पोरं खूष. करिष्मा म्हणाली, सर, कंपनीत लागल्यापासून सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. ही वायरिंगच्या लाइनवर असते, बारीक चणीची, वर्गात सगळ्यात नीटस वही हिची.

पाच मिनिटांनी सगळा वर्ग गाढ. पोट भरल्यावर झोप जास्त चांगली लागते. इंदूला संध्याकाळी तसं सांगितलं. म्हणाली, मग झोपू द्यायचं होतं जरा, माझ्याकडे तर झोपायचा तासच आहे. या बाईला इंडस्ट्रीचा अनुभव नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुचलं! अंघोळ करताना सुचलं. साबण तसाच ठेवून बाहेर आलो.

कंपनीत लाइनवर प्रत्येक स्टेशनला दिवे असतात. काम ठीक चाललं की हिरवा. अडचण आली की कामगार बटण दाबतो, लाल लागतो, सुपरवायझर धावत येतो. तेच वर्गात! प्रत्येक बाकाला दोन झिरोचे बल्ब, एक हिरवा, एक लाल, आणि बाकाखाली जिन्याला असतो तसा स्विच. समजतंय तोवर हिरवा. समजलं नाही की लाल. लाल लागला की माझ्या टेबलाखाली हूटर वाजणार, मी धावत जाणार. हात वर करायची लाज नाही, पेंगायला सवड नाही.

पिवळा मुद्दाम ठेवला नाही. पिवळा दिला की माणसं पिवळ्यावरच बसून राहतात.

कोणत्या बी.एड.ला हे सुचेल?

१६ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर वायरिंग. सगळे बल्ब एका रेषेत, बाकाच्या कडेपासून समान अंतरावर, पट्टी लावून. हूटर भोसरीच्या भंगारवाल्याकडून आणला. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शिफ्टचा आहे. टेस्ट केला नाही. रविवारी आजूबाजूला लोक झोपलेले असतात, आणि वायरिंग माझं आहे, टेस्टची गरज नाही.

माझ्या टेबलावरही एक हिरवा लावला. शिक्षकाची तब्येत दर्शवणारा. आम्रपाली मॅडमनी स्वतःकडे बघा म्हटलं होतं, आता येताजाता बघता येईल. त्याला बटण लावलं नाही, थेट मेनला जोडला. माझा कधी लाल होणार? उगाच वायर वाया.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिव्यांचं उद्‌घाटन. दादासाहेब वर आले, बघत राहिले. म्हणाले, मास्तर, गनपती बसिवलाय जनू. आम्रपाली मॅडम म्हणाल्या, कल्पना फार छान आहे, सर, फक्त लाल लागला की रागावू नका. मी कशाला रागावेन?

तास सुरू झाला. व्हर्नियरचा मेन स्केल, व्हर्नियर स्केल, लीस्ट काउंट म्हणजे त्यावर मोजता येणारं लहानात लहान माप. एका दमात. सगळा वर्ग हिरवा! शेवटच्या बाकापर्यंत हिरवा. एकही लाल नाही.

म्हणजे त्यांना आधीपासूनच समजत होतं. फक्त दाखवायची सोय नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. धूळ असावी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आजही पूर्ण हिरवा.

हे यश लोकांना दिसलं पाहिजे. कंपनीच्या गेटवर असतो ना बोर्ड, अपघाताविना इतके दिवस, तसाच बोर्ड करून वर्गाच्या दारात लावला. पांढऱ्यावर निळी अक्षरं, माझ्या हातची: लाल दिव्याविना दिवस. खाली काळी पट्टी, तिच्यावर आकडा, रोज खडूने बदलायचा. वर्गाला सांगितलं, हा आकडा आपल्या सगळ्यांची अब्रू आहे. टाळ्या झाल्या.

आम्रपाली मॅडमनी बोर्ड वाचला, माझ्याकडे बघितलं, परत बोर्ड वाचला. म्हणाल्या, सर, पण मग लाल कोण दाबेल? मी म्हणालो, कोणीच नाही, तेच तर ध्येय आहे. त्या आपल्या वर्गात गेल्या. तर्क पटला असावा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

घसा बसलाय. प्रेसच्या ठोक्यांवरून आवाज न्यायचा म्हणजे पोटातून ओढावा लागतो. रात्री झोप तुटक. परवा भाजीवाल्याला लीस्ट काउंट विचारला, असं इंदू म्हणते. मला आठवत नाही.

टीचर वेलबीइंगसाठी स्वतःचा मेंटेनन्स चार्ट केला. सकाळी गुळण्या, दुपारी हळदीचं दूध, रविवारी संपूर्ण विश्रांती. पहिल्याच रविवारी चार्ट आखण्यात विश्रांतीचा वेळ गेला.

टेबलावरचा माझा दिवा हिरवा. ठणठणीत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तास संपल्यावर करिष्मा घुटमळली. म्हणाली, सर, लाल दाबला तर नाव कुठे लिहिता का? मी म्हणालो, छे, नाव नाही, फक्त बोर्डावरचा आकडा शून्य होईल आणि सगळ्यांची मेहनत पाण्यात जाईल, तेव्हा जबाबदारीने दाबायचं. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, लाइनवर मागे मी दाबला होता. कनेक्टर बसत नव्हता. लाइन थांबली, आणि सुपरवायझरने सकाळच्या मीटिंगला सगळ्यांपुढे उभं केलं. म्हणाला, हिच्यामुळे टार्गेट गेलं, टाळ्या वाजवा.

मी तिला धीर दिला. म्हणालो, शिस्त अशीच लागते. मी सव्वीस वर्षांत एकदाही लाल दाबला नाही. तिने विचारलं, एकदाही अडलं नाही का, सर? मी म्हणालो, अडलं तरी दाबला नाही.

ती परत म्हणाली, बरं. शंकेचं निरसन झालं.

१ डिसेंबर, सोमवार

छोटी चाचणी. एकच लोखंडी पिन सर्वांना मोजायला दिली. पिन बारा मिलिमीटर जाडीची. उत्तरं दोनपासून एकशेवीसपर्यंत. प्रज्वलने उत्तर किलोमध्ये दिलं.

दिवे मात्र सगळे हिरवे. म्हणजे समज पक्की आहे, हात बसायचा आहे. किंवा पिनमध्ये दोष. घरी नेऊन पिन मोजली. बारा.

झोप नाही.

३ डिसेंबर, बुधवार

साहेब बारा तारखेला येणार, नक्की झालं. दादासाहेब म्हणाले, टीव्हीवाला भिंतीचं माप घिऊन गेला, नुसतं माप बरं का मास्तर, मनावर घिऊ नका. मी मनावर घेतलं नाही. फक्त त्याने घेतलेलं माप तपासलं. अर्ध्या इंचाने चुकलंय.

आता एकच मार्ग: डेमो तास. प्रत्येक बाकाला एक प्रश्न आणि एक उत्तर ठरवून दिलं. करिष्माला लीस्ट काउंट: शून्य पॉइंट शून्य दोन मिलिमीटर. प्रज्वलला झिरो एररची, म्हणजे जबडे मिटूनही शून्य न दाखवण्याची, व्याख्या. रोज पाठांतर. हे फसवणं नाही. त्यांना येतंच आहे, ते फक्त एका ओळीत आणायचं.

९ डिसेंबर, मंगळवार

दिघीच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं. स्वरयंत्र सुजलंय, दहा दिवस पूर्ण मौन, नाहीतर आवाज कायमचा जाईल, म्हणाले. मी खुणेने विचारलं, तेरापासून चालेल का? ते म्हणाले, आत्तापासून. इंदू म्हणाली, डॉक्टर, हे मौन आमच्याकडून भेट म्हणून महिनाभर करा. पण वाटेत रिक्षात माझा हात धरून बसली होती. एरवी धरत नाही.

मौन तेरा तारखेपासून सुरू करण्याचं ठरवलं.

११ डिसेंबर, गुरुवार

रंगीत तालीम उत्तम. प्रज्वल व्याख्या झोपेतही म्हणतो. म्हणजे झोपेतच म्हणाला.

आम्रपाली मॅडम डबा घेऊन माझ्या वर्गात आल्या. म्हणाल्या, सर, उद्या काही झालं तरी एक करा, येत नसेल तर येत नाही असं म्हणा, साहेबांनाही आवडेल. मी कागदावर लिहून दिलं: सगळं हिरवं आहे. त्यांनी माझी लसणाची चटणी मागून घेतली. खाल्ली. छान आहे म्हणाल्या.

१२ डिसेंबर, शुक्रवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

साहेब तिशीचा. मागे उभा राहिला, बोर्ड वाचला, दिवे बघितले, मोबाइलवर फोटो काढला. म्हणाला, वा. मी दादासाहेबांकडे बघितलं. तोवर सर्व ठीक.

मग त्याने खिशातून एक पिन काढली आणि प्रज्वलला म्हणाला, मोज रे भावा.

प्रज्वलने पिन हातात घेतली, उभा राहिला आणि झिरो एररची व्याख्या म्हणून दाखवली. व्याख्या बिनचूक होती. साहेब म्हणाला, बरोबर, पण पिन किती? प्रज्वलने व्याख्या पुन्हा म्हटली. साहेबाने पिन करिष्माला दिली. ती म्हणाली, शून्य पॉइंट शून्य दोन मिलिमीटर. साहेब म्हणाला, अगं, एवढी बारीक असती तर मला खिशात सापडली असती का?

साहेब एकटाच हसला.

साहेबाने सगळ्यांना विचारलं, काही अडचण आहे का? दिवे हिरवे. सगळे, एका रेषेत, पट्टी लावून बसवलेले, हिरवे.

मी पुढे झालो. एका मिनिटात समजावून सांगतो असं म्हणायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. नुसती हवा. टेबलाची कड धरली. करिष्मा म्हणाली, सर, बसा. मी हाताने सांगितलं, मला काही झालेलं नाही, चालू द्या. माझ्या टेबलावरचा दिवाही तेच सांगत होता.

तेव्हा हूटर वाजला.

असा आवाज मी कारखान्यातही ऐकला नव्हता. फळ्यावरचा खडू पडला. खालची प्रेस थांबली. शिफ्ट सुटली समजून खालचे कामगार डबे घेऊन फाटकापर्यंत गेले. दादासाहेब फोनवर बोलायला खाली उतरले होते, ते एका पायात चप्पल घालून वर धावले, काय पेटलं, काय पेटलं म्हणत. पेटले होते ते दिवे. सगळे लाल. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत.

मग फ्यूज उडाला. सगळं बंद.

साहेबाने मला पाणी दिलं. मग दादासाहेबांना घेऊन जिन्यात गेला.

१३ डिसेंबर, शनिवार

मौन सुरू.

रात्रभर विचार केला आणि दोष सापडला. वायरिंगमधला! हूटरची वायर मी सगळ्या लाल बल्बांना एकत्र जोडली होती. त्यामुळे एका बाकाने लाल दाबला की वीज उलटी फिरून सगळ्यांचे लाल लागतात. म्हणजे एकानेच दाबला! एकालाच समजलं नव्हतं! बाकीचा वर्ग हिरवाच होता. टेस्ट न केल्याची तांत्रिक चूक, शिकवण्यात काहीही चूक नाही. हे साहेबाला लेखी कळवायचं. मजकूर मनात तयार आहे.

पुरावा हवा. तास संपताच सगळे तसेच उठून गेले होते, स्विच कोणी हलवलेले नाहीत. सकाळी चिखलीला गेलो. टेस्टर, टॉर्च. बाकाखाली वाकून एकेक स्विच तपासला.

करिष्माचा: लाल.

तिच्या शेजारचा: लाल. त्याच्या मागचा: लाल.

शेवटच्या बाकापर्यंत गुडघ्यांवर गेलो. सगळे लाल.

प्रज्वलचासुद्धा. पाय लागला असेल.

१५ डिसेंबर, सोमवार

टीव्ही लागला. माप चुकल्यामुळे तिरका. पाना घेऊन मीच सरळ केला.

दादासाहेब म्हणाले, मास्तर, सायेब म्हनला, यकटा टीव्ही नगं, मानूस पायजे वर्गात. तुमी बसा. रिमोट तुमच्याकडं. हजेरी घ्या. मी मान हलवली. मौनात नकार देणं अवघड असतं. ते दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, चा मिळंल.

इंदूला पाटीवर लिहून दाखवलं, पद: टेक्निकल ऑपरेटर. तिने पाटी पुसली आणि ताट वाढलं.

२२ डिसेंबर, सोमवार

आठवडाभराच्या सुट्टीनंतर आज बॅचचा टीव्हीसमोरचा पहिला तास. मौन उद्या सुटायचं आहे.

बाकांचे दिवे मी कालच पुन्हा जोडून ठेवले होते, हूटर सोडून. कोणी सांगितलं नव्हतं. सवय.

व्हिडिओतला माणूस टायवाला, गोरा, न थांबता बोलणारा. प्रश्न विचारून थांबत नाही. उत्तर स्वतःच देतो. हा दोष मला लगेच दिसला.

व्हर्नियरचा भाग सुरू झाला आणि दुसऱ्या ओळीत लाल लागला. करिष्माचा. टीव्ही थांबला नाही, त्याला दिसत नाही. मी रिमोट शोधला, माझ्या खुर्चीच्या कुशनखाली होता, आणि टीव्ही थांबवला. टायवाला तोंड उघडं ठेवून गोठला. सगळे माझ्याकडे बघत होते. बोलता येत नव्हतं, म्हणून फळ्यावर लिहिलं: कुठपासून समजलं नाही?

ती म्हणाली, पहिल्यापासून, सर.

मागून कोणीतरी म्हणालं, मला पण. प्रज्वल जागा होता. म्हणाला, सर, मला तर काईच कळंना गेलंय, ते मागं-पुढं सरकतंय ते नेमकं काय सरकतंय?

पहिल्यापासून म्हणजे ऑगस्टपासून, बॅच सुरू झाली तेव्हापासून.

दारातला बोर्ड पुसला आणि शून्य लिहिलं. कपाटातून व्हर्नियर काढला, जबडे मिटवले आणि प्रज्वलच्या हातात दिला. काय सरकतं ते त्याचं बोट धरून सरकवून दाखवलं. मग पुढच्या बाकाकडे गेलो, मग त्याच्या पुढच्या. वेळ संपेपर्यंत जेमतेम तीन बाक झाले. एवढ्या वेळात टीव्हीने चार धडे संपवले असते.

सगळे गेल्यावर बाकांचे दिवे बंद केले. माझ्या टेबलावरचा हिरवा तेवढा चालू राहिला. त्याला बटण नाही. हातानेच फिरवून काढायला गेलो. महिन्याभराचा तापलेला होता, बोट चांगलंच भाजलं.

ओरडायची सोय नव्हती.